चार्जरचा टप

"मिस्त्री, टप कापायचाय," दादासो म्हणाला आणि बशीतला चहा फुर्रकन ओढून मोकळा झाला.

राजाराम बनसोडेला आधी वाटलं, हा माणूस दुसऱ्या कुठल्यातरी गाडीबद्दल बोलतोय. दादासोकडं गाड्यांना तोटा नव्हता. विट्याचा गडी, सेलमला सोनं गाळायचं दुकान टाकून पंचवीस वर्षं झालेली, गावाकडं तीन मजली बंगला आणि बंगल्याखाली ओळीनं उभ्या चार गाड्या. त्यातल्या एखाद्या जुन्या जीपचं काम असेल. पण दादासोचं बोट सरळ शेडच्या कोपऱ्याकडं गेलेलं होतं आणि तिथं एकच गाडी उभी होती.

"चार्जरचा?" राजारामनं विचारलं.

"मग काय माझा? पोराचं लगीन आलंय पंधरा दिसांवर. परण्या उघड्या गाडीतनं काढायचाय. विट्यात आजवर झाला न्हाई असा."

लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला नेतात, तो परण्या. पूर्वी घोडा असायचा. आता आमच्या सांगली-साताऱ्याकडं घोड्यावर बसणारा नवरदेव शोधून काढावा लागतो. ज्याला त्याला उघडी गाडी हवी. मागच्या सीटच्या पाठीवर नवरदेव, भोवती करवल्या, पुढं बँजो आणि वर ड्रोन. बरं, अशा उघड्या गाड्या काही कारखान्यातून येत नाहीत. एखादी जुनी लांबलचक गाडी धरायची, तिचा टप, म्हणजे वरचं छप्पर, कटरनं उतरवायचा, कडेनं स्टीलचा पाइप फिरवायचा, लाल रेक्झिन मारायचं की झाली उघडी गाडी. आणि या धंद्यात सांगलीत पहिला कटर ज्यानं चालवला तो हा राजारामच.

हे त्याला नाकारता येत नव्हतं आणि खरी जळजळ तीच होती. अठ्ठ्याऐंशी साली मिरजेच्या एका बँडवाल्यानं कुठल्याशा सरदाराची इंपाला आणली आणि म्हणाला, उघडी करून दे. राजाराम तेव्हा सव्वीस वर्षांचा, हातात कसब आणि डोक्यात वारं. एका दुपारीत त्यानं टप उतरवला. लोक बघायला आले. मग रांगच लागली. सदतीस वर्षांत त्यानं अकरा टप कापले. पोरं त्याला मागं टपकापे मिस्त्री म्हणायची आणि तो मिशीत हसायचा. आता त्या गाड्या आठवल्या की त्याला हसू येत नसे. कुणाच्या मंडपाच्या गोदामामागं, कुणाच्या उकिरड्याशेजारी त्या पावसाचं पाणी पीत पडल्या होत्या. त्याबद्दल कुणाला शिवी द्यायची म्हटलं तर ती स्वतःलाच द्यावी लागत होती.

म्हणून तर ही गाडी होती. चार वर्षांपूर्वी दादासोच्या पोरानं, वीरधवलनं, फलटणच्या एका भंगारवाल्याच्या आवारात ती हुडकली. एकोणसत्तर सालची डॉज चार्जर. अमेरिकेत तेव्हा साध्या गाडीत दांडगं इंजिन घालून सरळ रस्त्यावर शर्यती मारायचं खूळ होतं. त्या खुळातली ही अस्सल गाडी. दोन दारं, आठ सिलिंडर, सतरा फूट लांबी आणि स्टेअरिंग डावीकडं. ती फलटणला कशी आली हे फलटणकरांनाही धड सांगता येत नव्हतं. कुणी म्हणे धरणाच्या कामावर आलेला अमेरिकन इंजिनिअर सोडून गेला, कुणी म्हणे एका थेटरवाल्यानं मुंबईच्या लिलावात घेतली. एवढं खरं की शेवटची वीस-बावीस वर्षं ती कोंबड्यांच्या ताब्यात होती. मागच्या सीटमध्ये अंडी सापडली. टपावर लिंबाची फांदी पडून तो निम्मा आत गेला होता आणि उरलेल्याची गंजून चाळण झाली होती.

इंजिन मिरजेच्या फिटरनं सोडवलं, पत्रा राजारामनं केला. टप तर त्यानं नवाच घडवला. असा टप बाजारात मिळत नाही. तो पुढून सपाट येतो आणि मागं काचेच्या दोन्ही अंगांनी लांब उतरत डिकीपर्यंत जातो. त्या उतारातच त्या गाडीचा सगळा रुबाब. राजाराम वाळूची पिशवी आणि लाकडी हातोडी घेऊन अडीच महिने एक पत्रा ठोकत बसला. डोळा फसतो, तळहात फसत नाही, म्हणून डोळे मिटून हात फिरवायचा, हात अडखळेल तिथं खडूनं खूण करायची आणि परत ठोकायचं. पत्रा सरळ करणारे बाकीचे डेंटर खड्ड्यात लांबी भरतात, म्हणजे लुकण थापून वरून रंग मारतात. राजारामनं सांगून ठेवलं होतं की या गाडीला कुठंही लोहचुंबक लावा, चिकटलंच पाहिजे. त्याच्या लेकीनं, दीपमालानं, खरोखरच चुंबक फिरवून बघितलं. ती कुपवाडच्या एमआयडीसीत वेल्डिंग तपासायच्या कामावर आहे आणि बापाच्या कामातली खोट काढायलाही मागंपुढं बघत नाही. चुंबक चिकटलं नाही अशी एकही जागा तिला सापडली नाही.

"आबा, ह्याच्यावर तुमचं नाव घालायला पायजे," ती म्हणाली होती.

डेंटर कुठं नाव घालत नाही. काम दिसलं नाही की काम चांगलं, असा हा धंदा. पण मनातल्या मनात राजारामनं त्या गाडीवर आपलं नाव घातलेलं होतं. अकरा गाड्यांची भरपाई एका गाडीनं होत नाही हे त्याला कळत होतं. तरी आपल्या मागं ही एक तरी साबूत राहावी आणि बघणाऱ्यानं म्हणावं की हे बनसोडेचं काम, एवढीच त्याची इच्छा होती. आणि हा बाबा बशी खाली ठेवून म्हणत होता, टप कापायचाय.

राजारामनं राग गिळला. गिऱ्हाईक होतं, शिवाय गाडी त्याची होती.

"दादासो, ऐका माझं. ह्या गाडीला चासी न्हाई."

"बिगरचासीची गाडी आसती व्हय?"

"आसती. त्या बँडवाल्याच्या इंपालाला खाली लोखंडी चासी हुती, तिच्यावर वरचा डबा ठिवलेला. टप काढला तरी खाली कणा हुता. हिला तसं न्हाई. हिचा तळ, खांब आन् टप मिळून एकच डबा. टप हाच हिचा कणा. त्यो काढला की गाडी मधनं बसंल."

दादासोच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. राजारामनं खिशातली काडेपेटी काढली, काड्यांचा खण बाजूला ठेवला आणि वरचं रिकामं टरफल त्याच्यापुढं धरलं. दोन्ही टोकांना धरून मध्ये अंगठ्यानं दाबून दाखवलं. टरफल तसंच राहिलं. मग ब्लेडनं त्याची वरची बाजू कापून काढली आणि परत दाबलं. ते मधेच मोडलं.

"दिसलं?"

"काडेपेटी आन् गाडी एकच व्हय मिस्त्री? ही अमेरिकेची गाडी हाय, शिवकाशीची न्हवं." दादासो स्वतःच्या बोलण्यावर खूश होऊन हसला. "आवं, अकरा कापल्या तुमी. बारावीला एकदम सोवळं आलं व्हय?"

सोवळं. राजारामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या बापाला विट्याच्याच एका आळीत पाणी वरून ओतत होते, त्या आळीतला माणूस आज त्याच्या शेडमध्ये बसून, त्याचाच चहा पिऊन त्याला सोवळं विचारत होता. दादासोला त्यातलं काही कळलंही नसावं. कळलं असतं तरी त्याचं काही अडलं नसतं.

"सोवळं न्हवं दादासो. शानपन आलंय. लय उशिरा आलं. परण्याला दुसरी गाडी बगतो मी तुमाला. जीप बगतो, ती मुळातच उघडी आसती."

"जीप आमच्या ड्रायव्हरच्या पोराच्या परण्याला हुती."

"मग बैलगाडी काढा. पर ह्या टपाला मी कटर लावणार न्हाई."

"नगा लावू," दादासो उठत म्हणाला. "कटर काय तुमच्याकडंच हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी दादासोचा ड्रायव्हर येऊन गाडी घेऊन गेला. आठ सिलिंडरचा तो खालच्या पट्टीतला आवाज माधवनगरच्या वळणापर्यंत ऐकू येत होता. राजाराम शेडच्या दारात उभा राहिला. गाडी कुठं जाणार हे त्याला ठाऊक होतं. विट्यात टप कापू शकेल असा एकच माणूस होता आणि त्याला कटर धरायला राजारामनंच शिकवलं होतं. पप्पू त्याच्या हाताखाली नऊ वर्षं होता. आता मायणी रस्त्याला त्याची स्वतःची शेड होती, पाच कामगार होते आणि पाटीवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचं चित्र होतं.

राजारामनं फोन लावला.

"वस्ताद, बोला की," पप्पू म्हणाला.

"चार्जर आली व्हय तुझ्याकडं?"

 "आत्ताच आली."

"कापू नको गड्या."

"वस्ताद, मी न्हाई म्हणलं तर शेठ कराडला न्हेतील. तितला कोण बी कापंल."

"मग त्यो कापू दे. तुझ्या हातानं नको."  पण कापणं टळणार नाही हे राजारामला कळत होतं, म्हणून सांगायचं नव्हतं तेही त्यानं सांगून टाकलं. "आन् न्हाईच ऐकलं त्या माणसानं, तर नीट ऐक. टप कापायच्या आदी खालनं लोखंडी चॅनेल मार, म्हंजी टपाबिगर बी कणा ऱ्हाईल. दोनी दारांच्या खाली, पुढच्या चाकापासनं मागच्या चाकापतुर, चार इंची. आदी चॅनेल, मग कटर. उलटं करू नको. बिनचॅनेलची गाडी मानसं बसली की मोडंल."

"व्हय वस्ताद."

"काय व्हय?"

"मारतो चॅनेल," पप्पू म्हणाला आणि फोन ठेवला.

परण्याचं बोलावणं राजारामला नव्हतं. लग्नाची पत्रिकाही आली नाही. पत्रिकेवर बँजो पार्टीचं नाव होतं, फेटेवाल्याचं होतं, मेहंदीवालीचंही होतं, असं नंतर कुणीतरी सांगितलं. राजारामला पत्रिकेचं काही वाटलं नाही. त्याला फक्त चॅनेल मारला की नाही एवढं कळायला हवं होतं. दोनदा फोन केला तर पप्पूनं उचलला नाही.

ते रविवारी संध्याकाळी साडेपाचला कळलं. दीपमाला शेडमध्ये आली आणि तिनं मोबाइल बापापुढं धरला. जुन्या गाड्यांचे शौकीन असतात, त्यांच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला होता. विट्याचा चौक, दुतर्फा माणसं, पुढं बँजो. मागून चार्जर येत होती आणि तिला टप नव्हता. खांबांचे कापलेले बुडखे लाल रेक्झिननं झाकले होते. मागच्या सीटच्या पाठीवर फेटा बांधलेला वीरधवल, त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन करवल्या, बॉनेटवर भाचे आणि डिकीवर दोन मामा. पंधरा माणसं तरी होती. राजाराम मोजत होता आणि तोंडातल्या तोंडात "उतरा रं, उतरा" म्हणत होता, जणू ते त्याला ऐकू जाणार होतं.

गतिरोधकावरून पुढची चाकं उतरली, मागची चढली आणि गाडी मधोमध बसली. खाडकन आवाज झाला. दारं फ्रेममध्ये आवळून बाहेर वाकली, सायलेन्सर रस्त्याला टेकला आणि नवरदेव घसरत दोन सीटांच्या मध्ये जाऊन पडला. कुणाला लागलं नाही. करवल्या किंचाळून उतरल्या आणि मग हसायला लागल्या. बँजोवाल्यांना मागचं काही दिसलं नव्हतं, ते आणखी बराच वेळ वाजवत राहिले.

राजाराम हसणाऱ्यांवर चिडला नाही. तो चिडला ते पुढं जे आलं त्यावर. दादासो गर्दीतून धावत आला, त्यानं बँजोवाल्याच्या हातातला माइक हिसकावला आणि चौकभर ऐकू जाईल असा बोलला. "मंडळी, कुणी घाबरू नका. ही सगळी सांगलीच्या बनसोडे मिस्त्रीची करणी हाय. कुजका पत्रा जोडला, वर रंग मारला आन् मला फशिवलं. आजपासनं कुणी त्याच्याकडं गाडी टाकू नका. त्याचं काम कच्चं हाय."

दीपमालानं मोबाइल खाली घेतला. राजारामनं तो पुन्हा वर घ्यायला लावला आणि शेवटचं वाक्य पुन्हा ऐकलं.  पंचेचाळीस वर्षांत त्याला लोकांनी उशीर करतो म्हणून शिव्या दिल्या होत्या, महाग म्हणून दिल्या होत्या, तोंडाचा फटकळ म्हणून तर रोजच देत होते. त्याचं काम कच्चं आहे असं एकदाही कुणी म्हटलं नव्हतं. आणि ते म्हटलं गेलं कुठल्या कामाला, तर ज्या कामावर त्यानं मनातून नाव घातलं होतं त्याला. ज्यानं गाडी मोडली तोच खापर फोडत होता, तेही नाव घेऊन, माइकवरून.

सोमवारी सकाळी शाळेच्या व्हॅनचा मालक आला आणि निम्मं काम झालेली व्हॅन तशीच ओढून घेऊन गेला. कारण विचारलं तर म्हणाला, "जरा घाई हाय." राजारामनं शेडचं शटर खाली ओढलं. पिशवीत थिनरची बाटली, कापसाचा बोळा, चाकू आणि खडू घातला. दीपमालानं कारखान्यात रजा टाकली आणि त्यांचा छोटा हत्ती टेम्पो बाहेर काढला. 

"आबा, भांडायचं का दाखवायचं?" तासगाव मागं पडल्यावर तिनं विचारलं.

"आदी दाखवायचं," राजाराम म्हणाला.

बंगल्यापुढं मांडव तसाच होता आणि आत सत्यनारायणाची पूजा चालू होती. शंभरएक पाव्हणे खुर्च्यांवर बसले होते, कथा माइकवरून चालली होती आणि मागच्या अंगाला आचाऱ्यांची भांडी वाजत होती. भिंतीकडंला निळ्या ताडपत्रीखाली गाडी होती. ताडपत्री मधोमध खोल गेलेली होती. राजारामला बघून दादासो पुढच्या रांगेतून उठून आला. मागोमाग पूजेला आलेला पप्पूही आचाऱ्यांकडून दोन पावलं पुढं येऊन थांबला.

"मिस्त्री, पूजा चाललीया. मागनं या."

"काल भर चौकात बोलला, तवा मागनं बोलावं असं सुचलं न्हाई. माइकवर बोलला, आता तोंडावर बोला. कुठला पत्रा कुजका हाय?"

"सगळाच. बगा की, मोडली न्हवं गाडी?"

दीपमालानं ताडपत्री ओढली.  रुबाबदार उतार होता तिथं आता चार बुडखे आणि लोंबणारं रेक्झिन होतं. राजाराम धुतल्या कपड्यांनिशी जमिनीवर आडवा झाला. दाराखालच्या पट्टीवर त्यानं थिनरचा बोळा फिरवला, चाकूनं रंग खरवडला आणि जिथं जिथं त्याचा सांधा होता तिथं खडूनं गोल काढला. डाव्या अंगाला नऊ, उजव्या अंगाला नऊ. काही पाव्हणे खुर्च्या सोडून भोवती आले. गुरुजींनी पोथीत बोट घालून मान वर केली.

"ह्ये माझं सांधं," राजाराम खालूनच म्हणाला. "बोट घाला ह्यात. एक तरी उकललाय का सांगा."

एका म्हाताऱ्या पाव्हण्यानं वाकून खरंच बोट फिरवून बघितलं. सांधा शोधायलाच त्याला खडूचा गोल लागला. नुसत्या बोटाला तो लागत नव्हता.

"आन् मोडली कुठं बगा." सर्वांत जवळच्या गोलापासून हातभर पुढं पट्टी दुमडून फाटली होती. राजारामनं तिथला रंग खरवडला. खाली पत्रा चांदीसारखा चकाकत होता. गंजाचा ठिपका नाही, लांबीचा कण नाही. "ह्यो कंपनीचा पत्रा हाय, एकोणसत्तर सालचा. ह्याला मी हात लावला न्हवता, कारण लावायची गरज न्हवती. कुजका न्हाई त्यो. त्याला वर धरणारं तुमी काढून टाकलं, म्हणून मोडला." मग तो उठला आणि त्यानं हाक मारली. "पप्पू, हिकडं ये."

पप्पू आला. वस्तादाच्या तोंडाकडं न बघता गाडीकडं बघत उभा राहिला.

"मी तुला फोनवर काय सांगितलं हुतं?"

पप्पू पुटपुटला. कुणाला ऐकू गेलं नाही. तेव्हा दीपमाला सरळ मांडवात गेली, गुरुजींना नमस्कार करून म्हणाली, "एक मिनिट देता का," आणि स्टँडवरचा माइक काढून घेऊन आली. तिनं तो पप्पूच्या तोंडापुढं धरला. काल ज्याच्यावरून नाव घेतलं होतं तसाच हाही होता.

"वस्ताद म्हणले, कापू नको," पप्पूचा आवाज मांडवभर आला. "म्हणले, न्हाईच ऐकलं तर आदी खालनं चॅनेल मार. न्हाईतर मोडंल म्हणले."

"मारलास?" राजारामनं विचारलं.

"न्हाई. शेठ म्हणले, येळ न्हाई, चॅनेल कोण बगतंय. चूक माझी बी हाय वस्ताद."

मांडवात कुजबुज सुरू झाली. दादासोचा चेहरा लाल झाला. पण गडी धंद्यातला, हरल्यावर सौदा बदलायचा हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्यानं माइक बंद केला आणि हसून राजारामच्या खांद्यावर हात टाकला.

"जाऊ द्या की मिस्त्री. रागाच्या भरात बोलतो मानूस. झालं त्ये झालं. आता काय म्हणाल त्ये घ्या आन् परत जोडून टाका. टप हाय की हितंच, कुठं गेला न्हाई."

"कुठं हाय?"

दादासोनं मागच्या अंगाकडं हनुवटी उडवली.

तिथं आचाऱ्यांनी टप उलटा करून चार विटांवर ठेवला होता. अडीच महिने वाळूच्या पिशवीवर ठोकून घडवलेला, डोळे मिटून हातानं वाचलेला तो टप आता खरकट्या पाण्यानं भरला होता. पाण्यात भाताची शितं तरंगत होती आणि दोन बाया काथ्यानं घासून त्यात पातेली बुचकळत होत्या. मोठी, खोलगट, न गळणारी, त्यांच्या दृष्टीनं चांगली परात होती. त्यांचा काय दोष? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ज्या दादासोला सांगितलं होतं त्यानंच तो तिथं नेऊन दिला होता.

मागोमाग आलेल्या दादासोनं पुन्हा खांद्यावर हात टाकला. राजारामनं तो खाली काढला.

"टप न्हेतोय मी," तो म्हणाला.

"न्हेतोय म्हंजी? माझ्या गाडीचा हाय त्यो. पैसं मोजल्यात मी त्याचं."

"मोजल्यात. टपाचं मोजल्यात. भांडी घासायच्या परातीचं न्हाई मोजलं. परात पायजे आसंल तर बाजारात मिळती."

दादासो काही बोलणार, तोवर त्याची आई भामाबाई काठी टेकत मागच्या दारात आली होती. ऐंशी वर्षांची बाई, तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं लेकाकडं बघितलंही नाही.

"भांडी काढा गं त्यातली," ती बायांना म्हणाली. "आन् पाणी वता. त्या मानसाला न्हेऊ द्या त्याचं."

बायांनी पातेली बाहेर काढली आणि पाणी ओतलं. राजारामनं एका बाजूनं धरलं, दीपमालानं दुसऱ्या. पप्पू हात लावायला पुढं आला. राजारामनं त्याच्याकडं बघितलं आणि म्हटलं, "तू ऱ्हाऊ दे." पप्पू जागच्या जागी थांबला. बाप-लेकीनं टप मांडवामधूनच नेला, कारण बाहेर जायला दुसरी वाट नव्हती. पाव्हण्यांनी खुर्च्या सरकवून जागा केली. टेम्पोत चढवल्यावर राजारामनं पिशवीतला बोळा काढून सगळं खरकटं पुसलं आणि मग डोळे मिटून एकदा तळहात फिरवला. विटांवर टेकलेल्या बाजूला चार ठिकाणी हात अडखळला. ते ठोकून काढता येण्याजोगं होतं.

विटा गाव सोडून दोन-तीन मैल झाले असतील, एवढ्यात राजारामचा फोन वाजला. दादासोचं नाव बघून त्यानं तो वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा दीपमालानं गाडी कडेला घेतली.

"मिस्त्री," दादासोचा आवाज खाली आला होता. मागं माणसांची गडबड ऐकू येत होती. "आई जेवंना झालीया. पोरगं बी तोंड फिरवून बसलंय. काय पायजे त्ये बोला, पर गाडी जोडून द्या. उद्या येता का टप घेऊन?"

"टप तिकडं येणार न्हाई," राजाराम म्हणाला. "गाडी हिकडं आणा. तुमी स्वतः ट्रेलरवर बसून आणायची, दिवसाउजेडी, चौकातनं. जोडून देतो."

"आणतो की. रात्रीचं आणलं तर न्हाई चालायचं?"

"न्हाई."

"बरं, दिवसा. ताडपत्री टाकून आणतो."

"ताडपत्री नको," राजाराम म्हणाला. "उघडी पायजे हुती न्हवं तुमाला? उघडीच आणा."